वजन कुठून उतरवायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या सत्रात १९८४ च्या दहावीच्या तुकडीतील एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे संक्षिप्त केले आहे.)



माझी सगळी नोकरी दुचाकींच्या कारखान्यांत गेली. संयोजकांनी फर्मावलं, "तुझ्या कामातलं एकच काहीतरी सांग, सगळ्यांना कळेल असं, आणि पंचवीस मिनिटांत." म्हणून हा विषय घेतला: वेगवान मोटरसायकलचं वजन कसं उतरवतात. काल रात्री जेवताना ही बातमी फुटली, तेव्हा ज्यांनी तिसरी पुरणपोळी घेतली होती त्यांनीच मला "आधी स्वतःचं उतरव" असा सल्ला दिला. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पळायच्या गाडीवर बसणारा माणूस हा बहुतेक वेळा तिच्या इंजिनापेक्षाही जड असतो. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आपली दहावी झाली आणि पुढच्याच वर्षी, १९८५ साली, भारतात यामाहा आरएक्स १०० आली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती मित्राकडून मागून चालवली असेल. इंजिन ९८ सीसीचं, ताकद ११ हॉर्सपॉवर. आज हा आकडा ऐकून ही मुलं हसतील, कारण आता साधी १२५ सीसीची गाडीही तेवढी ताकद देते. मग ती गाडी इतकी चपळ का वाटायची? एक कारण तिचं टू-स्ट्रोक इंजिन. दुसरं कारण असं की ती जेमतेम शंभर किलोंच्या आसपास होती. मूठ पिळली की इंजिनाला ओढायला फारसं काही नव्हतंच.

नववीच्या पुस्तकातला न्यूटनचा दुसरा नियम आठवा. बल तेवढंच ठेवून वस्तुमान कमी केलं की त्वरण वाढतं. ताकद वाढवली तर गाडी फक्त पळताना बरी होते. वजन उतरवलं तर ती पळताना, थांबताना आणि वळताना, तिन्ही वेळा बरी होते. वळण्याचं मोटरसायकलला विशेष महत्त्व आहे. चारचाकी वळते, दुचाकीला झुकावं लागतं. ताम्हिणी घाटात एकामागून एक डावं-उजवं वळण येतं, तेव्हा गाडी आणि स्वार, दोघांचं सगळं वजन एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर न्यावं लागतं. जड गाडी हे करते, पण सावकाश, आणि चालवणाऱ्याचे खांदे दमवून.

इथे नेहमी एक शंका येते. काल एका मित्राने विचारलीच: "पण जड गाडी रस्त्याला धरून चालते ना?" सरळ हमरस्त्यावर, आडव्या वाऱ्यात, जड गाडी कमी हेलकावते हे खरं. पण पकडीचं गणित वेगळं आहे. वजन वाढलं की टायरचं घर्षण वाढतं, आणि थांबवायचं ओझंही त्याच प्रमाणात वाढतं. फायदा तिथेच फिटतो. शिवाय तेवढ्याच वेगातून थांबताना जड गाडीच्या ब्रेकना जास्त उष्णता सोसावी लागते. जडपणा म्हणजे भरवसा ही समजूत तराजूवर टिकत नाही.

आता खऱ्या वेगवान गाड्यांकडे वळू. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानी कंपन्यांची चढाओढ ताकदीची होती. मोठं इंजिन, जास्त हॉर्सपॉवर. पण मोठं इंजिन जड असतं. त्याला पेलायला चासी जाड लागते. एवढं धूड थांबवायला ब्रेक मोठे लागतात. ते सगळं ओढायला पुन्हा इंजिन मोठं. वजन हे असं चक्रवाढ व्याजाने वाढतं.

१९९२ साली होंडाने सीबीआर ९००आरआर फायरब्लेड बाजारात आणली. तिच्यामागचे अभियंते तादाओ बाबा. त्यांनी हे व्याज उलट्या बाजूने लावलं. एक हजार सीसीच्या मागे न लागता ८९३ सीसीवर थांबले. इंजिनाचा आकार ७५० सीसीच्या गाडीत मावेल एवढाच ठेवला. इंजिन लहान म्हणून चासी हलकी, चासी हलकी म्हणून बाकीचेही भाग हलके. त्या काळात पुढचे फोर्क उलटे बसवायची फॅशन होती. ते दिसायला रुबाबदार, पण वजनाला जास्त, म्हणून बाबांनी साधेच फोर्क ठेवले. गाडीचं कोरडं वजन भरलं १८५ किलो. त्या वेळची यामाहाची एफझेडआर १००० होती २०९ किलोंची. म्हणजे हजार सीसीच्या गाड्यांशी टक्कर देणारी गाडी तब्बल २४ किलोंनी हलकी. त्यानंतर सगळ्या कंपन्यांना आपली गणितं नव्याने मांडावी लागली.

"कोरडं वजन" या शब्दापाशी जरा थांबू. गाडी घ्यायला जाल तेव्हा उपयोगी पडेल. कोरडं वजन म्हणजे पेट्रोल, ऑइल, कूलंट न भरता केलेलं वजन. काही जण त्यातून बॅटरीही वगळतात. फायरब्लेडच्या टाकीत १८ लिटर पेट्रोल बसायचं, म्हणजे नुसतं पेट्रोलच तेरा किलोंच्या वर. तेव्हा दोन गाड्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत ना, हे आधी विचारावं. रस्त्यावर कोणी कोरडी गाडी चालवत नाही.

कारखान्यात हे काम कसं चालतं? गाडी पूर्ण सुटी करून जमिनीवर मांडतात. प्रत्येक तुकडा वजनकाट्यावर चढतो आणि वहीत नोंद होते. मग प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारायचे. तू काय काम करतोस? ते काम शेजारचा करू शकेल का? आणि तू तुटलास तर कोणाला लागेल? नटाच्या बाहेर उगाच डोकावणारे बोल्टचे चार आटेसुद्धा या चौकशीतून सुटत नाहीत. एका बोल्टमागे दोन-तीन ग्रॅम वाचतात, पण गाडीत बोल्ट शेकड्याने असतात.

पहिल्या प्रश्नाबरोबर धातूची निवड येते. मुलांनो, वही असेल तर आकडे लिहून घ्या. घनता, पाण्याच्या तुलनेत: पोलाद ७.८५, टायटॅनियम ४.५, ॲल्युमिनियम २.७, मॅग्नेशियम १.७४. वाटेल की मॅग्नेशियम घेतलं की काम झालं. आता ताठरपणा पाहा, गिगापास्कलमध्ये, ढोबळमानाने: पोलाद २००, टायटॅनियम ११०, ॲल्युमिनियम ७०, मॅग्नेशियम ४५. ताठरपणाला घनतेने भागा. चारही उत्तरं पंचविसाच्या आसपास येतात. म्हणजे हलका धातू तेवढ्याच प्रमाणात लेचापेचाही असतो. ओढ सोसणारी साधी सळी करायची असेल तर पोलादाऐवजी ॲल्युमिनियम घेऊन तेवढ्याच ताठरपणासाठी वजन जवळपास तेवढंच लागेल.

मग ॲल्युमिनियमच्या चासीने फायदा होतो तो कुठून? आकारातून. आपल्या परसातला कळक आठवा. आतून पोकळ, तरी वाकायला किती चिवट. एखाद्या नळीचा व्यास दुप्पट केला आणि पत्र्याची जाडी निम्मी केली, तर वजन तेवढंच राहतं, पण वाकण्याला विरोध चौपट होतो. पोलादाची नळी अशी फुगवत गेलं तर पत्रा इतका पातळ होतो की शीतपेयाच्या डब्यासारखा चेपतो. ॲल्युमिनियम हलकं असल्यामुळे मोठा व्यास घेऊनही भिंत पुरेशी जाड ठेवता येते. सुझुकीने १९८५ च्या जीएसएक्स-आर ७५० मध्ये ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चासी दिली. ती सुमारे आठ किलोंची होती. भूमिती शिकताना "हिचा पुढे काय उपयोग" असं आपण सरांना विचारायचो. उपयोग हा असा, सर.

आता, उतरवलेला प्रत्येक किलो सारख्या मोलाचा नसतो. तो कुठे होता यावर त्याचं मोल ठरतं. सगळ्यात महाग किलो चाकाच्या कडेवरचा. चाक पुढे जातं आणि स्वतःभोवती फिरतंही, त्यामुळे गाडीला वेग देताना कडेवरचा एक किलो दोन किलोंइतकी ऊर्जा खातो. फिरतं चाक झुकायलाही विरोध करतं. सायकलचं चाक आसाला दोन्ही हातांनी धरून जोरात फिरवा आणि कलवून पाहा, मनगटाला लगेच कळेल. शिवाय चाक, टायर, ब्रेकची डिस्क हे सगळं शॉकअपच्या खालचं वजन. खड्डा आला की ते वर उसळतं. ते जड असेल तर शॉकअप त्याला वेळेत आवरू शकत नाही आणि टायर रस्ता सोडतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर हे मी वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून शर्यतवाले आधी चाकांकडे वळतात. पण तिसरा प्रश्नही सगळ्यात कडक तिथेच लागू होतो. १९८४ साली होंडाने एनएसआर ५०० ही शर्यतीची नवी गाडी उतरवली. तिला कार्बन फायबरची चाकं होती. हंगामातल्या पहिल्याच शर्यतीच्या सरावात, दक्षिण आफ्रिकेत क्यालामी इथे, फ्रेडी स्पेन्सरच्या गाडीचं चाक तुटलं आणि तो जखमी झाला. आदल्या वर्षीचा तो विश्वविजेता. त्याच गाडीत आणखी एक प्रयोग होता. गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून पेट्रोलची टाकी इंजिनाच्या खाली बसवली होती. कागदावर हे फार शहाणपणाचं दिसतं. पण दुचाकी झुकवायची असते, आणि गुरुत्वमध्य फार खाली गेला की गाडी मनाजोगी झुकेना. १९८५ च्या गाडीत टाकी परत वर, आपल्या जागी आली आणि स्पेन्सरने त्या वर्षी ५०० आणि २५० सीसी, दोन्ही विश्वविजेतेपदं जिंकली.

दुसरा प्रश्न, "तुझं काम शेजारचा करेल का", हा ज्याने सगळ्यात निष्ठेने विचारला तो माणूस न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा. जॉन ब्रिटन. त्याला डिस्लेक्सिया होता, लिहिण्या-वाचण्यात अक्षरं अडायची. शाळेत असं मूल मागे पडतं हे इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. या माणसाने मोजक्या मित्रांना हाताशी धरून, घरच्या वर्कशॉपमध्ये, ब्रिटन व्ही१००० ही मोटरसायकल घडवली. इंजिनसुद्धा स्वतःचं, ९९९ सीसीचं.

त्या गाडीला नेहमीसारखी चासीच नाही. ब्रिटनने पाहिलं की इंजिन हाच गाडीतला सगळ्यात दणकट तुकडा आहे, मग त्याला धरायला वेगळा सांगाडा कशाला? पुढचं चाक आणि मागचं चाक इंजिनालाच येऊन मिळतात. रेडिएटर पुढून काढून सीटखाली नेला, त्यामुळे गाडी अरुंद झाली आणि वाऱ्याचा अडथळा घटला. चाकं, फोर्क, मागचा स्विंगआर्म, सगळं कार्बन फायबरचं. गाडीचं वजन १३८ किलो आणि ताकद १६० हॉर्सपॉवरच्या वर. १९९२ साली अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत तिने मोठ्या कंपनीच्या गाडीला घाम फोडला, पण विजेच्या यंत्रणेत बिघाड होऊन ती थांबली. १९९४ ला तिथेच जिंकली. अशा फक्त दहा गाड्या बनल्या. १९९५ साली, अवघ्या ४५ व्या वर्षी, ब्रिटन कर्करोगाने गेला. त्याची एक गाडी आज वेलिंग्टनच्या ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

याच्या पुढे गेलं की पैशाचा प्रश्न येतो. पहिले पाच किलो स्वस्तात उतरतात. कारखान्याचा पोलादी सायलेन्सर काढून टायटॅनियमचा लावला, शिशाची बॅटरी काढून लिथियमची लावली, की फरक काट्यावर दिसतो. शेवटचे पाच किलो सोन्याच्या भावाने जातात. डुकाटीची २०२० ची सुपरलेजेरा व्ही४ पाहा. नावाचाच अर्थ "अतिहलकी". चासी, स्विंगआर्म, चाकं, सगळं कार्बन फायबरचं, कोरडं वजन १५९ किलो. पाचशेच गाड्या काढल्या आणि किंमत लाखभर युरोंच्या घरात.

म्हणूनच शर्यतीच्या नियमांत कमीत कमी वजन ठरवून दिलेलं असतं. मोटोजीपीच्या हजार सीसीच्या गाड्यांना ही मर्यादा १५७ किलो आहे. मोटोथ्री या लहान गाड्यांच्या गटात तर गाडी आणि स्वार मिळून किमान १५२ किलो भरावे लागतात. त्या गटात तरुण पोरं धावतात. एकत्रित वजनाचा नियम नसेल तर उंच, भरल्या अंगाच्या मुलाने उपाशी राहूनच जिंकायचं का? नियम म्हणतो, तुझं वजन कमी असेल तर गाडीवर शिसं बांध. पुरणपोळीवाल्या मित्रांना हा नियम आवडेल.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय निवडला, ती सांगतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, आणि त्याच्याकडे दीडशे-पावणेदोनशे किलोंची जोरदार गाडी आहे. व्हिडिओ पाहून तोही वजन उतरवतो. काय काढतो? मागचा मडगार्ड. आरसे. मागे बसणाऱ्याने धरायची दांडी. आणि सगळ्यात आधी साडीगार्ड. काही जण डिस्कला स्वतः भोकं पाडतात, ब्रेकचे पोलादी बोल्ट काढून रंगीत ॲल्युमिनियमचे बसवतात.

बोल्टचं आधी सांगतो. तार वाकवत राहिलं की ती शेवटी तुटते. धातू एका जोरदार झटक्यापेक्षा अशा लाखो लहान हिसक्यांनी जास्त तुटतात. पोलादाची एक सहनमर्यादा असते, ताण तिच्या खाली राहिला तर ते जवळपास कायम टिकतं. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, ते मोजून दिवस काढतं. कंपनाच्या चाचणीला आलेल्या हलक्या ब्रॅकेटचे नमुने मी पाहिले आहेत. तडा बहुतेक वेळा हाताने पाडलेल्या भोकाच्या खरबरीत कडेपासून सुरू होतो. चाचणीच्या टेबलावर तडा गेला तर आपण दुसरा नमुना मागवतो. ब्रेकच्या कॅलिपरवर गेला तर मागवायला वेळ नसतो.

आणि साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला नियम १२३. मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं निम्मं चाक झाकेल असं आवरण हवं, म्हणजे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात गुंतणार नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करू देत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. आपले तीन प्रश्न लावून बघा. मुलगा पहिल्या प्रश्नावरच थांबतो: "हे काय काम करतं? माझ्यासाठी तर काहीच नाही." बरोबर आहे, त्याच्यासाठी नाहीच. ते त्याच्या आईच्या पदरासाठी आहे, बहिणीच्या ओढणीसाठी आहे. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणी आजही मुलाच्या मागे एका बाजूला बसून बाजारात जाता? शर्यतीच्या गाडीवर मागे कोणी बसत नाही, म्हणून तिथे हे वजन नको. त्याच्या गाडीवर तुम्ही बसता, म्हणून तिथे ते हवं.

हौसेला माझा विरोध नाही. मुलाला वजन उतरवायचंच असेल तर ते कुठे उतरवायचं हे सांगता येतं. डिकीत वर्षानुवर्षं पडलेली हत्यारं आणि कुलपं काढ. जड क्रॅशगार्ड कुणीतरी हौसेने लावला असेल तर तो खरंच लागतो का बघ. टायरमध्ये हवा बरोबर ठेव, साखळी स्वच्छ ठेव. वजन तेवढंच राहील, पण गाडी हलकी चालेल. बॅटरी बदलायची वेळ आली की हलकी घे, पण गाडीच्या चार्जिंगला चालणारी. आणि चाकं, ब्रेक, हँडल, फूटरेस्ट यांना हात लावू नकोस. ते काम ज्यांच्याकडे चाचणीची यंत्रं आहेत त्यांचं.

आता विद्यार्थ्यांसाठी. आपल्या तुकडीतर्फे शाळेच्या प्रयोगशाळेला आज तीन वस्तू दिल्या आहेत. एकाच मापाची दोन चाकं, एक पोलादी तारांचं जड आणि एक मिश्रधातूचं हलकं, दोन्हींच्या आसाला धरायला मुठी बसवल्या आहेत. एकाच वजनाची आणि एकाच लांबीची एक भरीव सळी आणि एक नळी, वाकवून पाहण्यासाठी. आणि एक मोठा वजनकाटा. हे सगळं बाहेरच्या व्हरांड्यात मांडलं आहे. मधल्या सुट्टीत या, चाक फिरवा, कलवून बघा. नळी आणि सळी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध वजन टांगा आणि कोणती किती वाकते ते वहीत लिहा. मी दुपारी चारपर्यंत तिथेच आहे.